डबा कुणाच्या हातात?



आपल्यातली एक पोरगी कॉलेजात कॅन्सरच्या पेशंटांसाठी पैसे गोळा करतेय. नुसता डबा धरून उभी नाही, अख्खा कार्यक्रम तिनं अंगावर घेतलाय. सकाळचा वॉक, गाण्याची रात्र, खाण्याचे स्टॉल, स्टेशनबाहेरचे डबे, सगळं. एनएसएसच्या मीटिंगला सरांनी विचारलं, 'लीड कोण घेणार?' तेव्हा सगळी मंडळी मोबाईलात डोकं घालून बसली. गाण्याच्या रात्री स्टेजवर यायला पन्नास जण तयार असतात, पावत्या फाडायला कुणी नसतं. हिनं हात वर केला.

बातमी कट्ट्यावर आली आणि आपले बहाद्दर सुटले. 'हे काय धर्मादाय धंदे?' 'त्यांनी रोग वाटायचे आणि आपण डबे वाजवायचे?' 'मोर्चा सोडून समोसे विकायला लागली.' एकानं तर विचारलं, दहा मार्कांसाठी का? मुंबई विद्यापीठात एनएसएसचे तास भरले की दहा मार्क मिळतात, हे खरंय. पण ते चार रोपं लावून, फोटो काढूनही मिळतात. त्यासाठी कुणी पहाटे पाचला स्टेशनवर उभं राहत नाही.

मी हे संपादकीय तिच्या बाजूनं लिहितोय. नाव छापत नाही, तिनंच नको म्हटलंय. टवाळी करणाऱ्यांचीही नावं छापत नाही. ते आपलेच आहेत आणि त्यांचा राग सगळाच खोटा नाही.

धर्मादायाचा राग आपल्या हाडात आहे. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली, आणि देणाऱ्याचं नाव संगमरवरावर. दिवाळीला फराळाची पाकिटं वाटायला येणारे, वाटण्याआधी फोटोवाला उभा करणारे आपण पाहिलेत. त्या फोटोत आपणही असतो, मान खाली घालून. कॅन्सरच्या नावानं होणारे जलसेही त्याच जातकुळीचे. हॉटेलात जेवण, छातीवर फीत, चित्रांचा लिलाव, शेवटी दारवाजाएवढा थर्माकोलचा चेक. हे भंकस आहे म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्याच्या पुढच्या वाक्याशी आहे, की म्हणून आपण त्यात पडायचंच नाही.

का नाही पडायचं? पैसे गोळा करणं आपल्याला नवीन आहे का? जयंतीची वर्गणी कोण काढतं? दोन-दोन महिने आधी पावतीपुस्तकं छापून घेतो आपण. गल्ल्या वाटून घेतो. कुणाकडून किती आले ते म्हातारी शेवंताआजी होऊन तोंडपाठ सांगणारं एक तरी माणूस प्रत्येक चाळीत असतं. ज्याचं काम सुटलंय त्याच्याकडून दहा घेतो, त्याचीही पावती फाडतो, आणि त्याचं नाव फळ्यावर बाकीच्यांच्याच आकाराच्या अक्षरात लिहितो. जयंती झाली की फळ्यावर जमाखर्च. मंडपाचे इतके, लाऊडस्पीकरचे इतके, खिचडीचे इतके. एखादा पैसा इकडचा तिकडे झाला तर दहा रुपयेवाला येऊन गळपट्टी धरतो. त्याला ती धरता येते, कारण त्यानं वर्गणी दिलेली असते. दान दिलं की देणारा मोठा होतो. वर्गणी दिली की देणारा वाटेकरी होतो. आपल्या पोरीला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. आठवीत असल्यापासून ती भावाच्या मागे पावतीपुस्तक घेऊन फिरलीय.

तिनं कॉलेजात तेच केलं आणि तिथेच लफडं सुरू झालं.

पहिलं लफडं स्टेजच्या कमानीचं. कमिटीतल्या एका पोरानं प्रायोजक आणला. मोठी रक्कम, अट एकच, कमानीवर नाव. नाव कशाचं? वेलचीचं. ही वेलची तुम्हाला माहीत आहे. पुडीवर वेलची, टीव्हीवर वेलची, पण टपरीवर ते नाव घेतलं की हातात दुसरीच पुडी येते. २००३ च्या कायद्यानं तंबाखूला जाहिरात आणि प्रायोजकत्व बंद झालं, म्हणून हे मागच्या दारानं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्याच २००३ च्या कायद्यानं शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. यार्ड मोजायला टेप लागत नाही. कॉलेजच्या गेटातून बाहेर या, रस्ता ओलांडा, माळा लटकलेल्या दिसतील. त्या टपरीवाल्यावर माझा राग नाही, तो दिवसाला किती सुटतात ते मोजणारा माणूस आहे. पण जो कारखानदार तोंडाचा कॅन्सर पुडीत भरून विकतो, त्यानंच कॅन्सरच्या वॉकची कमान उभारायची? पोरगी म्हणाली, 'सर, हे नाव लागणार असेल तर माझं नाव काढा.' सर म्हणाले, 'अगं, पैसा पेशंटलाच जाणारे ना!' मीटिंग दीड तास चालली. नाव लागलं नाही. कमान यंदा बांबूची आहे, पोरांनी स्वतः बांधलेली.

दुसरं लफडं मला जास्त लागलं. गाण्याच्या रात्री मध्येच एका लहान पेशंट पोराला स्टेजवर आणायचं, टोपी काढायची, लाईट टाकायचा, मागे व्हायोलिन. म्हणजे लोक पाकीट उघडतात. हे सुचवणारा दुष्ट नव्हता. त्यानं दहा कार्यक्रमांत तेच पाहिलंय. आपली पोरगी म्हणाली, 'सर, तो केमोला आलाय, आपल्या कार्यक्रमाला नाही.' मग काही वेळ कुणी बोललं नाही म्हणे. माझ्या मते या एका वाक्यासाठी तिच्या पाठीशी उभं राहायला हवं. ज्यांना रस्त्यावर कायम प्रदर्शनासारखं बघितलं गेलं, त्यांच्या पोरांना हे लगेच कळतं.

आता कट्ट्यावरच्या मंडळींसाठी एक लांबचं उदाहरण. लांबचं आहे, पण नेमकं आहे.

कॅनडात टेरी फॉक्स नावाचा कॉलेजातला पोरगा होता, सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकणारा, बास्केटबॉल खेळणारा. १९७७ साली हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. वय अठरा. दवाखान्यात आजूबाजूची लहान पोरं बघून त्याचं डोकं फिरलं. त्यानं ठरवलं, कृत्रिम पायावर धावत अख्खा देश ओलांडायचा आणि संशोधनासाठी पैसे उभे करायचे. १२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स गावी अटलांटिकमध्ये पाय बुडवून निघाला. रोज मॅरेथॉनच्या आसपास अंतर. सुरुवातीला काळं कुत्रं विचारत नव्हतं. सोबत एक दोस्त व्हॅन घेऊन. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या गावात काय झालं बघा. दहा हजार वस्तीचं गाव, आणि गावानं दहा हजार डॉलरच्या वर पैसे जमवून दिले. माणशी एक डॉलर. तिथे त्यानं हिशेब मांडला की देशात दोन कोटी चाळीस लाख माणसं आहेत, प्रत्येकानं एक डॉलर द्यावा. ही वर्गणी झाली की नाही?

त्यानं कंपन्यांकडून काहीच घेतलं नाही असं नाही. गाडी घेतली, बूट घेतले, पेट्रोल घेतलं. पण आमच्या मालाची जाहिरात कर म्हणणाऱ्यांना त्यानं परत पाठवलं. या धावण्यातून कुणी नफा कमवायचा नाही, हे त्याचं म्हणणं. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबर १९८० ला थंडर बे गावाजवळ थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसात गेला होता. १९८१ च्या फेब्रुवारीत निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे माणशी एक डॉलर पुरा झाला. जूनमध्ये तो मेला. वय बावीस. त्याच्या नावानं सप्टेंबर १९८१ पासून दरवर्षी जी दौड होते तिला प्रवेश फी नाही, कमीत कमी किती द्यायचे असं बंधन नाही, पहिला-दुसरा नंबर नाही.

आपल्यातला कुणी म्हणेल, गोऱ्या देशातलं कौतुक आम्हाला नको. नको तर नको. पण नियम बघा. डबा ज्याच्या हातात होता त्यानंच अटी ठरवल्या. आपली पोरं असल्या कार्यक्रमांत खुर्च्या मांडतात, सतरंज्या उचलतात, आणि अटी ठरतात एसी खोलीत. तिथे आपलं माणूस बसलं, तर कट्ट्याला हसू यायचं कारण काय?

आता रोगाविषयी. हा श्रीमंतांचा रोग आहे असं अजून काही लोकांच्या डोक्यात आहे, सिनेमानं घातलेलं. हिरो पांढऱ्या चादरीवर हसत हसत मरतो. परळला जाऊन फूटपाथ बघा. बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा. हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल, उशाला गाठोडं. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू. त्यातल्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं, आपल्या बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात त्यानं, जवळजवळ ऐंशी हजार बायका एका वर्षात गेल्या. आणि हा असा कॅन्सर आहे की आधी सापडला तर थांबवता येतो. ज्या विषाणूमुळे तो होतो त्यावर लस आहे, २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं देशी लसही बाजारात आणली. तरी ऐंशी हजार. आपल्या वस्तीत मशेरी लावणाऱ्या, अंगावरून जातं म्हणून कुणाला न सांगणाऱ्या, दवाखान्यात गेलं तर दिवसाची रोजी बुडते म्हणून न जाणाऱ्या आयाबहिणी डोळ्यासमोर आणा.

या आपल्या मुंबईत एक गोष्ट घडलीय, ती आपल्या पोरांना माहीत नाही याचं मला नवल वाटतं. १९९८ पासून टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी. तपासणी कशानं, तर सौम्य अॅसिटिक अॅसिडनं, म्हणजे व्हिनेगरनं. लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. आणि हे करणाऱ्या कोण? डॉक्टर नाहीत. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या, घरोघर जाऊन समजूत घालणाऱ्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. जगभर टाळ्या पडल्या.

टाळ्या मीही वाजवतो. पण उरलेल्या अर्ध्या वस्त्यांचं काय? त्यांना कॅन्सरची माहिती सांगितली, तपासणी केली नाही, कारण तुलना करायची होती. पुढे वैद्यकीय नीतीच्या मासिकांतून यावर मोठा वाद झाला. पैसा अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा होता, आणि टीका करणारे विचारत होते की अमेरिकेत अशा अर्ध्या बायका तपासणीवाचून ठेवल्या असत्या का? संशोधकांचं उत्तर होतं, भारतात तेव्हा सरसकट तपासणी होतच नव्हती, म्हणजे त्या बायकांना जे एरवी मिळालं असतं तेच मिळालं. उत्तर बरोबर आहे. म्हणूनच ते ऐकून अंगावर काटा येतो. इथे तसंही काही मिळत नाही, म्हणून काही न देणं नियमात बसतं.

ही अशी माहिती डब्याबरोबर गेली पाहिजे असं आमच्या पोरीचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. तिच्या स्टॉलवर समोसे आहेत, पण समोशांच्या मागे फळाही आहे. फळ्यावर काय लिहायचं यावर आम्ही तीन रात्री घालवल्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली, २०१७ पासून फुल्यांच्या नावाची. तिच्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशातल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात. काचेच्या दारातला वॉचमन हे सांगत नाही. तुम्ही काउंटरवर जाऊन, 'धर्मादायची खाट रिकामी आहे का?' असं विचारलं तर तोंडं कशी होतात ते एकदा बघून या. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपरला तिकीट माफ आहे, डॉक्टरचा ठरावीक नमुन्यातला दाखला हवा. आणि पैसे नसतील तर रक्त द्या. ल्युकेमियाच्या पोरांना प्लेटलेट लागतात आणि त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे दात्यांची रांग कायम लागते. केस दान करायला मुली धावतात, फोटो छान येतो. प्लेटलेट द्यायला तास-दीड तास सुई घेऊन पडून राहावं लागतं, तिथे पोरं कमी.

जमलेला पैसा कुठे जाणार? उपचाराला नाही. उपचाराच्या योजना आहेत, त्या लढून मिळवायच्या. तिनं मागितलाय तो राहण्या-खाण्याचा, येण्या-जाण्याचा खर्च. गावाकडून आलेल्या बाईला एकवीस दिवसांनी पुन्हा केमो असते, मधले दिवस कुठे काढायचे? उपचार अर्ध्यावर सुटतो तो बऱ्याचदा इथे. गाडगेबाबांना हे कळलं होतं. देवळं बांधू नका म्हणत लोकांकडून पैसे मागून माणसानं धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः गाडग्यात खाल्लं. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं उतरतात. गाडगेबाबांना धर्मादायवाला म्हणायची कट्ट्यावर कुणाची हिंमत आहे?

राहिला मोठा आक्षेप. हे सरकारचं काम आहे, आपण केलं की सरकार मोकळं. आक्षेपात दम आहे. पण परळच्या हॉस्पिटलचीच गोष्ट घ्या. १९४१ साली ते उघडलं धर्मादाय ट्रस्टच्या पैशानं. १९५७ साली आरोग्य मंत्रालयाकडे गेलं, १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे, म्हणजे आता ते सरकारी पैशावर चालतं. धर्मादायानं सुरू झालेलं सरकारच्या गळ्यात घालता येतं, घातलं गेलंय. आपण डबा फिरवायचा आणि त्याच डब्याशेजारी अर्जही ठेवायचा, की वॉर्डातल्या महापालिकेच्या दवाखान्यात बायकांची तपासणी आठवड्यातून ठरल्या दिवशी व्हावी. ज्यानं वीस रुपये टाकले तो सही करतोच. पोरीनं मागच्या रविवारी हे करून बघितलं. पैसे न टाकताही सह्या करणारे निघाले, एक हमाल म्हणाला, 'पैसे नाही बाई, पण अंगठा घे.'

क्रांतीची तारीख अजून ठरायचीय, केमोची ठरलेली असते. एवढंच मी कट्ट्यावर बोललो आणि चहाचे पैसे द्यायला लागले ते वेगळंच.

व्यवस्थेच्या दोन-तीन गोष्टी लिहून ठेवतो, इतर कॉलेजातल्या पोरांना उपयोगी पडतील. लोकांकडून असे पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर अर्ज करावा लागतो, गणपती मंडळं करतात तसा. नोंदलेल्या संस्थेच्या नावानं आणि तिच्या लेखी परवानगीनं करा, नाहीतर उद्या तुमच्यावरच केस. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा हवा, कुठल्या पोराच्या खात्याचा अजिबात नको, मग तो कितीही जिवलग असो. डबे सीलबंद, मोजणी चौघांसमोर, कागदावर चौघांच्या सह्या. पंधरा दिवसांत जमाखर्च कॉलेजच्या बोर्डावर आणि स्टेशनबाहेर जिथे डबा होता तिथेही. हे शेवटचं सरांना पटत नाही, 'स्टेशनवर कशाला?' म्हणतात. दिले त्यांनी स्टेशनवर, म्हणून.

आपल्या अंकाचा हिशेबही नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावर आहे. प्रेसवाल्याचं देणं बाकी आहे, ते त्यात दिसेल.

वॉकच्या दिवशी स्टेशनबाहेर दोन्ही पुलांखाली डबे आहेत, पहाटे पाच ते दहा. पश्चिमेला माणसं पुरेशी आहेत. पूर्वेला तीन कमी पडतात. पावतीपुस्तकं छापून आलीत, शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर वाटणार. ज्यांनी समोशांवरून टवाळी केली त्यांच्यासाठी पूर्वेकडचा डबा राखून ठेवलाय, आणि पोरीनं सांगितलंय की येताना प्रत्येकानं आपापलं पेन आणायचं.